जहाजाचा निकाल

मी न बघितलेल्या मालिकेचा शेवट दोन माणसांना सांगितला. एकाला म्हणालो, फर्स्ट क्लास आहे. दुसऱ्याला म्हणालो, भिकार आहे. दोघं समोरासमोर राहतात आणि रोज संध्याकाळी एकाच सोफ्यावर बसून तीच मालिका बघतात, हे मला नीट माहीत होतं. तरी सांगितलं.

आता माझ्या बाजूनं बोलायचं तर ज्या शहराला लोक आपापल्या सोयीनं दोन नावांनी हाक मारतात, तिथं एका मालिकेच्या शेवटाबद्दल एकाच माणसाची दोन मतं असली तर आभाळ कोसळायला नको. पण हा बचाव मला फार उशिरा सुचला. माझे सगळे चांगले बचाव उशिराच सुचतात.

त्यातला पहिला माणूस म्हणजे माझे सिडकोतले घरमालक. आख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची. त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं, आणि त्यांच्या मते त्याहून मोठं काम म्हणजे दहावीचे पेपर तपासणाऱ्या मास्तरांनी पेपर नीट तपासलेत का, हे तपासलं. याला मॉडरेटर म्हणतात. निवृत्त झाल्यावर पेपर यायचे थांबले, पण हात थांबेना. मग सर समोर येईल ते तपासायला लागले. कोपऱ्यावरच्या टपरीचा चहा, दहापैकी सहा. गल्लीतल्या एका लग्नाचा निकाल त्यांनी मांडवातच लावला. जेवण साडेसात, बँड दोन, आणि नवरा मुलगा काठावर पास. नवऱ्या मुलाचा मामा शेजारच्याच खुर्चीवर पान चघळत होता. त्याचं पान तोंडात तसंच राहिलं.

सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, आमटीला मात्र ठरलेले नऊ. कितीही फक्कड झाली तरी नऊ. मी एकदा जेवायला होतो, तेव्हा न राहवून म्हणालो, "सर, आज तरी दहा द्या."

"दहा दिले की विद्यार्थी बिघडतो."

काकू वाढता वाढता म्हणाल्या, "आणि विद्यार्थ्यानं पेपरच दिला नाही, तर मास्तर उपाशी झोपतो."

सरांनी मान खाली घालून ती नऊ मार्कांची आमटी ओरपली.

मी गंगापूरकडचा. घरी ऊस, कापूस आणि माझ्याबद्दलची निराशा, तिन्ही पिकं बारमाही. शेंद्र्याच्या एका कंपनीत लागलो आणि खोली शोधत सरांच्या दारात आलो. त्यांनी खोली दाखवण्याआधी माझी तोंडी परीक्षा घेतली.

"वाचनाची सवय?"

"कामामुळं वेळ मिळत नाही, सर."

"म्हणजे नाही. सकाळी किती वाजता उठता?"

"शिफ्टवर आहे सर."

"म्हणजे उठत नाही. साडेपाच मार्क. राहा."

त्या दिवसापासून मी माझं नाव गमावलं. सरांच्या लेखी मी 'वरचे' झालो. "अहो वरचे!" अशी खालून हाक यायची. आदरार्थी बहुवचन होतं, पण त्यातला आदर शोधायला दुर्बीण लागली असती.

हे झालं मार्कांचं. सरांचं खरं वेड वेगळंच होतं. या माणसाला कुठल्याच गोष्टीचा शेवट बघवत नसे. क्रिकेटची शेवटची ओव्हर आली की सर पायांत चपला सरकवून फाटकाशी जाऊन उभे राहायचे. आत आरडाओरडा झाला की तिथूनच विचारायचे, "पास का नापास?" पास म्हटलं तर आत येऊन तीच ओव्हर चवीनं चारदा बघायचे. नापास म्हटलं तर तसेच फिरायला जायचे, आणि त्या दिवशी घरात कुणी क्रिकेट हा शब्द काढायचा नाही. सिनेमा कुणी सांगायला लागलं की हात वर करायचे. "गोष्ट नको. निकाल सांगा." त्यांचा मुलगा सुट्टी संपवून बेंगळुरूला निघाला, की सर नेमके नळाला पाणी आलंय का बघायला मागच्या बाजूला जायचे. आमच्याकडं पाणी येतं आठवड्यानं. मुलगा कुठल्याही वारी निघो, सर नळापाशी.

दुसरा माणूस म्हणजे चाचा. समोरच्या घरात एकटे राहायचे. उभा जन्म अजिंठ्याच्या लेण्यांत गाईड म्हणून काढला. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि माणूस हेलावण्यापुरती जपानी. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर डोंगर सोडून शहरात आले. सर त्यांना गाईडसाहेब म्हणत, ते सरांना सर, काकूंना भाभी आणि मला मियाँ. थोडक्यात, त्या दोन घरांत माझं नाव कुणालाच लागत नव्हतं.

सरांच्या मुलानं नवा टीव्ही पाठवला, त्याला मी माझ्या मोबाईलवरचं खातं जोडून दिलं. भाडेकरू घरमालकावर फुकटात करतो त्यातले हे उपकार. पहिल्याच संध्याकाळी चाचांनी पडद्यावरच्या ढीगभर चित्रांतून एक निवडलं, कारण त्यात दरवाजा होता. "दरवाजा आहे म्हणजे आपल्या शहराचीच गोष्ट असेल," म्हणाले.

ती निघाली परदेशी, हिंदीत डब केलेली विज्ञानमालिका. पृथ्वी राहण्यालायक उरलेली नाही आणि एक अवाढव्य जहाज माणसांचं आख्खं गाव पोटात घेऊन दूरच्या ताऱ्याकडं निघालंय. जहाजाच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर एक दार आहे, जे कधीच उघडलेलं नाही. आत काय आहे, कुणालाच ठाऊक नाही. कॅप्टन ही एक खमकी बाई. कुणी दारापाशी गेलं की डबिंगच्या आवाजात गरजते, "दरवाज़ा नहीं खुलेगा!" आणि पुढचा भाग सुरू. एवढ्या एका दाराच्या जोरावर त्या लोकांनी सीझनमागून सीझन काढले. दोघं त्या मालिकेला 'आपलं जहाज' म्हणायचे.

चाचांना या दाराची गंमत वाटायची. "हमारे शहर में बावन दरवाजे," ते म्हणायचे, "आणि कुठल्याही दरवाजातून आत जा, आत काय? ट्रॅफिक!"

मालिका बघण्याची शिस्त परीक्षेची. सर पँट घालून, शर्ट खोचून बसायचे. चहा आधी किंवा नंतर, मधे नाही. मी एकदा शेंगदाणे खात बसलो, तर सरांनी मालिका थांबवून मला बाल्कनीत उभं केलं. वय वर्षं छत्तीस, कंपनीत हाताखाली माणसं, आणि मी बाल्कनीत शेंगदाणे धरून उभा. शेजारच्या घरातली पोरं बोट दाखवून हसत होती. मी त्यांनाही दाणे दाखवले.

भाग संपला की तपासणी. सर कॅलेंडरच्या पाठीवर जहाजाचा वेग मांडून बघायचे. "हे या वेगानं निघालं तर तिथं पोचेपर्यंत त्या बाईचं हाडसुद्धा शिल्लक राहणार नाही."

"मग शून्य द्या," चाचा म्हणायचे.

"का म्हणून? रीत बरोबर आहे. आकडा चुकला म्हणून आख्खं गणित शून्य करतो तो मास्तर नाही, दरोडेखोर. स्टेपचे मार्क द्यावेच लागतात."

चाचांना हे पटायचं नाही. त्यांच्या धंद्याचं गणितच उलटं होतं. "सर, मी लोकांना एकेक लेणी दाखवत न्यायचो. उन्हात, पायऱ्या चढवत. पण असली चीज आखिरी. अंधारात भिंतीला लागून एवढा मोठा झोपलेला बुद्ध, निर्वाणाचा. तिथं बाकी सगळ्या लेण्यांची कीमत ठरते. आखिरी लेणी नीट नाही दाखवली ना, आदमी घरी जाऊन बोलतो, पैसे पाण्यात गेले."

"म्हणजे आधीच्या लेण्यांचे मार्क नाहीत?"

"नाहीत."

"दरोडेखोर," सर म्हणायचे आणि चहाची आरोळी द्यायचे.

म्हणजे बघा. ज्याला शेवट महत्त्वाचा वाटत नव्हता, त्याला शेवट बघवत नव्हता. ज्याला शेवटच महत्त्वाचा वाटत होता, तो शांतपणे वाट बघायला तयार होता. आणि ज्याला कशातलंच काही कळत नव्हतं, तो बाल्कनीत.

अशी ही मालिका शेवटच्या सीझनच्या शेवटच्या भागापर्यंत आली आणि सरांनी रिमोट खाली ठेवला. "बघू नंतर," म्हणाले. ते नंतर येता येईना. सर बातम्या लावायचे, जुने भाग लावायचे, एकदा तर शेतीचा कार्यक्रम लावला आणि टोमॅटोवरच्या रोगाला सात मार्क दिले. आणि मग एका संध्याकाळी चाचांनी सांगितलं की हैदराबादच्या मुलीनं आता ऐकून घ्यायचं नाही असं ठरवलंय. गुडघ्याचं ऑपरेशन तिकडंच करायचं आणि मग तिकडंच राहायचं. घर विकायला काढलंय. महिनाअखेर निघायचं.

सर म्हणाले, "बरं." एवढंच. त्याला किती मार्क ते काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला खालून हाक आली. सर टीव्हीसमोर एकटेच उभे होते. पडद्यावर मालिकेचे सगळे भाग ओळीनं दिसत होते. जो भाग कुणी बघून संपवला असेल त्याच्याखाली लाल रेघ येते. सरांनी बोट ठेवलं ते शेवटच्या भागावर. त्याच्याखालीही लांबलचक लाल रेघ होती.

"तुमचं खातं. म्हणजे तुम्ही शेवट बघितलाय."

मी बघितला नव्हता. मला धड दुसरा सीझनसुद्धा समजला नव्हता. पण सरांच्या चष्म्यामागून पहिल्यांदाच माझ्याकडं कौतुकाची नजर आली होती. साडेपाच मार्कांवर दिवस काढणाऱ्या माणसाला असल्या नजरेचं काय होतं ते त्यालाच ठाऊक. मी मान हलवली.

"गोष्ट सांगू नका. निकाल सांगा. गाईडसाहेबांना आखिरी लेणी दाखवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. नापास असेल तर मात्र मी त्यांना बसवणार नाही. जाताना माणसाला वाईट पेपर दाखवू नये."

त्या चेहऱ्यावर 'पास म्हणा' असं एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, की मी म्हणालो, "फर्स्ट क्लास, सर."

"कुणाला बोलू नका. आपल्या दोघांत."

संध्याकाळी जिन्यापाशी चाचांनी मला गाठलं. त्यांनाही लाल रेघ दिसली होती. दोघांची नजर एवढी बारीक, आणि कॅप्टनच्या जहाजाचा वेग मात्र त्यांनी खपवून घेतला.

"मियाँ, सच्ची बात बोलो. कसा आहे एंड?" त्यांनी माझा हात धरला. "बेकार असेल तर बरं होईल. सरांना सांगतो, राहू द्या. अधूरं राहिलं तर परत यायला काहीतरी बहाना पाहिजे ना. मुलगी विचारेल, अब्बा, औरंगाबादला काय आहे आता तुमचं? मी बोलेन, आमचं जहाज बाकी आहे."

आता या माणसाला मी काय सांगणार होतो? फर्स्ट क्लास? मी म्हणालो, "एकदम भिकार, चाचा."

त्यांचा चेहरा फुलला. "बस. किसी को बोलना नहीं."

दोघांनी मला शपथ घातली, त्यामुळे माझं नाव कुणीच घेतलं नाही. इथंच माझ्या हुशारीचा कळस झाला. पुढं जे झालं त्यात माझं नाव आलं असतं तर सगळं दोन मिनिटांत मिटलं असतं.

सर म्हणाले, "आज शेवटचा भाग बघू."

चाचा म्हणाले, "नक्को."

"पास आहे. खात्रीलायक खबर आहे."

"भिकार आहे. मेरी खबर तुमच्यापेक्षा पक्की."

"गाईडसाहेब, आयुष्यभर आखिरी लेणी, आखिरी लेणी करत होता."

"आणि तुम्ही सर, आयुष्यभर फाटकावर जाऊन उभे राहायचे. आज कुठून आली हिंमत?"

हे लागलं. सर उठले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "निदान मी फाटकापर्यंतच जातो. पळून हैदराबादला जात नाही."

चाचांनी अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात देत उठून गेले. फाटक नीट लावून गेले. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर सोफ्यावर एक माणूस आणि एक खोलगट जागा उरली. समोरच्या अंगणात पुठ्ठ्याची खोकी दिसायला लागली. सर खिडकीतून ती खोकी तपासायचे. "दोरी ढिली आहे. तीन मार्क," असं स्वतःशीच म्हणायचे. जेवताना आमटीचा घोट घेतला आणि काहीच बोलले नाहीत, तेव्हा काकूंनी वाटी उचलून वास घेऊन बघितला. त्यांना वाटलं आमटीच बिघडली.

आणि दोघंही मला वकील म्हणून वापरायला लागले. सर सांगायचे, "वरचे, तुम्ही बघितलंय. त्यांना पटवा, चांगलं आहे म्हणून." चाचा सांगायचे, "मियाँ, तुम्ही बघितलंय. सरांना समजवा, बेकार आहे म्हणून." मी दोघांकडं हो म्हणून वर येऊन झोपायचो. निघायचा दिवस जवळ येत चालला तसं मला झोपेतही दार दिसायला लागलं. त्याच्या आत मीच उभा असायचो.

शेवटी ठरवलं, निदान तो भाग बघावा. मग एक काय ते मत ठरवता येईल आणि शहाण्यासारखं कबूल करीन. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मोबाईलवर लावला. चिकलठाण्याच्या आसपास कॅप्टन दाराकडं निघाली आणि मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेंद्रा आलं होतं आणि पडद्यावर नावं वर सरकत होती. परत लावून बघितला का? नाही. माणसाला कामं असतात. शिवाय मोबाईलची बॅटरी तेवढ्यात संपली होती, आणि त्या बॅटरीवर सगळा दोष टाकून मी दिवसभर निर्धास्त राहिलो.

त्याच दिवशी संध्याकाळी शिफ्ट करून आलो तर ओट्यावर काकू बसलेल्या. त्यांनी चाचांना लोणच्याची बरणी न्यायला बोलावलं होतं आणि सरांना बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून बोलावलं होतं. ते झाकण काकूंनी आयुष्यभर एका हातानं उघडलेलं मी पाहिलंय. दोघं ओट्याच्या दोन टोकांना, तोंडं दोन दिशांना. मी जिन्याकडं सटकायच्या बेतात होतो.

"अहो वरचे, थांबा की," काकू म्हणाल्या. "तुम्ही तो शेवट बघितलाय ना? मग एवढं सांगा, ते दार उघडल्यावर आत काय असतं हो?"

दोन्ही तोंडं माझ्याकडं वळली.

शहाणा माणूस इथं म्हणाला असता, नाही बघितला. मी म्हणालो, "आत बाग असते."

"बाग?" सर.

"हिरवीगार. पृथ्वीवरची असते ना, तशी. आणि मध्ये झाड."

"कसलं झाड?"

गंगापूरच्या माणसाला घाईत कसलं झाड आठवणार? "चिंचेचं."

चाचा म्हणाले, "चिंच? गोऱ्यांच्या जहाजात?"

"गुलमोहर असेल, चाचा. अंधार होता तिथं."

"मग हिरवीगार कशी दिसली?" सरांनी विचारलं. मॉडरेटर काय उगाच झाले होते का?

काकू उठल्या. "चला, बघूनच घेऊ. चिंच का गुलमोहर." आणि कुणाला नाही म्हणायची उसंत न देता त्यांनी टीव्ही लावला. सर सोफ्याच्या एका टोकाला बसले, चाचा दुसऱ्या टोकाला. मधली जागा काकूंनी घेतली. मला बसायला कुणी सांगितलं नाही. मी आपणहून बाल्कनीच्या दारात उभा राहिलो. ती जागा माझी सवयीची होती.

सर उठून फाटकाकडं जातील असं मला वाटत होतं. गेले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, दंतवैद्याकडं बसतात तसे. पडद्यावर कॅप्टन आता म्हातारी झालेली, जिना उतरत खाली गेली, दाराला हात लावला. दार सरकलं. आतून उजेड तिच्या तोंडावर पडला. ती बघत राहिली. डोळे भरले की हसली, नक्की सांगता येणार नाही. आणि संपलं. नावं वर सरकायला लागली. बाग नाही, झाड नाही, कसलंच काही दाखवलं नाही.

मग सरांनी मान वळवून अगदी हळू विचारलं, "वरचे, चिंच कुठाय?"

"मला फर्स्ट क्लास म्हणाला हा," सर म्हणाले.

"मला भिकार म्हणाला," चाचा म्हणाले.

मग त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. भांडणानंतर पहिल्यांदाच. मधे बसलेल्या काकू जराशा मागं सरल्या, वाट मोकळी करून दिल्यासारख्या.

"पण ती लाल रेघ?" सर म्हणाले.

"माझी," काकू म्हणाल्या. "तुम्ही दुपारी घोरत होता तेव्हा बघून टाकला. तुमच्या 'बघू नंतर'ची वाट कोण बघणार?"

"भाभी, तुम्ही बोलला नाहीत?" चाचा म्हणाले.

"कुणी विचारलं?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. "गाईडसाहेब, मी हजारो मुलं पाहिली. कॉपी करून पास झालेली पाहिली, कॉपी करून नापास झालेली पाहिली. पेपर न वाचता, कॉपीही न करता, दोन वेगवेगळी उत्तरं लिहून दोन्ही चुकवणारा हा पहिलाच."

"मियाँ हिरा आहे," चाचा म्हणाले. "फक्त कोयल्यात राहिला."

पुढचा अर्धा तास ते माझ्यावर बोलले आणि मग आपसूक जहाजावर आले. हेच त्यांना हवं होतं.

"शून्य," सर म्हणाले.

"अव्वल नंबर," चाचा म्हणाले.

"अव्वल? पहिल्या भागात प्रश्न विचारलाय, आत काय आहे? उत्तर कुठंय?"

"आणि तुमचे स्टेपचे मार्क? कुठं गेले आता?"

"स्टेपचे मार्क उत्तर चुकलेल्याला. पान कोरं ठेवून जाणाऱ्याला नाही. चुकायचं तर होतं, मी दिले असते! चिंच दाखवली असती तरी चार दिले असते."

चाचांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "सर, मी त्या आखिरी लेणीत एक लफ्ज बोलायचो नाही. दिवसभर बडबड, तिथं चूप. लोग समझते थे."

"सगळे?"

"नाही," चाचांनी कबूल केलं. "काही जण विचारायचे, बस किती वाजता आहे."

"मी त्यांच्यातला," सर म्हणाले. "मला बस किती वाजता आहे ते सांगा."

"परसों. सकाळी."

सर चष्मा पुसत बसले. काकूंनी चहा टाकला, मधेच, परवानगी न विचारता.

निघायच्या दिवशी गाडी आली, खोकी चढली, चाचा पुढच्या सीटवर बसले. सर शर्ट खोचून आले आणि खिडकीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता दोन म्हातारे काहीतरी हळवं बोलणार, आपण नजर दुसरीकडं वळवावी. सर म्हणाले, "मी विचार केला. तिच्या तोंडावर पडलेला उजेड पिवळा होता. म्हणजे आत सूर्य असला पाहिजे. तसं दाखवायला काय जात होतं त्यांचं?"

"दिखाया ना! तिच्या डोळ्यांत दिसतो की!"

"डोळ्यांत? डोळे काय उत्तरपत्रिका आहेत?"

"अरे सर, तुम्हाला सगळं फळ्यावर लिहून पाहिजे!"

"हो, पाहिजे! आणि अधोरेखित करून पाहिजे!"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, दोघांनीही त्याला एका आवाजात गप्प केलं. गाडी निघाली तरी चाचा मान बाहेर काढून काहीतरी पटवत होते आणि सर हात हलवत 'साफ चूक, साफ चूक' म्हणत कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत गेले. निरोप घ्यायचा राहूनच गेला. आता रोज संध्याकाळी त्यांचा फोन असतो. सर स्पीकरवर ठेवतात. आख्ख्या गल्लीला दाराआड काय असेल त्याच्या निरनिराळ्या शक्यता तोंडपाठ झाल्यात. चाचांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा विषय तोच होता, आणि सरांनी त्यांना सुनावलं की आधी गुडघा करून या, मग वाद घालू, भुलीच्या नशेतलं उत्तर मी धरणार नाही.

परवा मी काकूंपाशी ओट्यावर बसलो होतो. आतून फोनवरचा कल्ला ऐकू येत होता. मला जरा भरून आलं. म्हटलं, "काकू, काही म्हणा, माझ्या चुकीनं हे दोघं भांडले आणि माझ्याच चुकीनं पुन्हा जवळ आले. त्या घोळात माझाही थोडाफार हात आहेच ना?"

काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा कशाला असेल? माणूस कायमचा जाणार म्हटल्यावर त्या दोघांना भांडायचंच होतं. मांजरावरूनसुद्धा भांडले असते. गल्लीत मांजर नव्हतं, म्हणून तुम्ही."